बूटलोडरचा पत्ता, पूर्ण इरेज आणि बूट बटण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपवर फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा प्रोग्राम) कसं चढवायचं, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. लेखातल्या पत्त्यांवर (फ्लॅश मेमरीतल्या जागांवर) फर्मवेअर चढवलं तर ईएसपी३२-एस३ बोर्ड सुरूच होत नाही. त्यापेक्षा दर वेळी सगळी फ्लॅश इरेज करून सगळे भाग जोडून मर्ज केलेली एकच फाईल शून्यापासून लिहावी, पत्त्यांची कटकटच नको. आणि बोर्डावरचं बूट बटण दाबायला सांगणं जुनाट आहे.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. लेखातला पत्त्यांचा तक्ता मूळ ईएसपी३२चा होता आणि तसं लिहायचं राहिलं. त्या चिपमध्ये बूटलोडर (चालू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरच्या, १००० या पत्त्यावर बसतो, एस२ मध्येही तिथेच. एस३ आणि सी३ मध्ये मात्र थेट शून्यावर. पार्टिशन टेबल (फ्लॅशमध्ये काय कुठे आहे याची यादी) हेक्स ८००० ला आणि ॲप हेक्स १०००० ला, हे नेहमीच्या मांडणीत या चारही चिपना सारखंच, म्हणून फरक पटकन लक्षात येत नाही. तुमच्या सिरियल मॉनिटरवर 'इनव्हॅलिड हेडर' आणि पुढे आठ एफ अशी ओळ सतत धावतेय ती यामुळेच. चिपमधला रॉम (कायमचा कोरलेला कोड) शून्यावर बूटलोडरचं हेडर शोधतो, तुम्ही आधी इरेज केल्याने तिथे नुसते एफएफ असतात, शेवटी वॉचडॉग (अडकलेली चिप पुन्हा सुरू करणारा टायमर) रीसेट मारतो आणि पुन्हा पहिल्यापासून. बोर्ड मेलेला नाही.

'हॅश ऑफ डेटा व्हेरिफाइड' असं ईएसपीटूलने (फ्लॅशमध्ये लिहिणाऱ्या प्रोग्रामने) सांगितलं, मग चूक कुठे, असंही तुम्ही विचारलंय. दिलेला डेटा दिलेल्या जागी जसाच्या तसा उतरला का, एवढंच ते बघतं. जागाच चुकीची असली तर त्याला त्याचं काही नाही.

म्हणून पत्ते पाठ करू नका, दुरुस्त केलेल्या तक्त्यातूनही उचलू नका. आयडीएफमध्ये (या चिपसाठीच्या अधिकृत साधनसंचात) आधी 'सेट-टार्गेट'ने चिप ठरवा (यात बिल्ड फोल्डर साफ होतो आणि मेन्यूकॉन्फिगमधली (सेटिंग्जच्या मेन्यूतली) निवड नव्याने करावी लागते, तेव्हा हे सुरुवातीलाच उरका), मग बिल्ड करा. बिल्ड संपताना फ्लॅश करायची अख्खी कमांड पत्त्यांसकट छापून येते. तीच खरी.

दुसरा मुद्दा मात्र पटत नाही. मर्ज केलेल्या फाईलमध्ये दोन भागांमधली रिकामी जागा एफएफने भरलेली असते. नेहमीच्या पार्टिशन टेबलात एनव्हीएस (सेटिंग्ज साठवायचा भाग) हेक्स ९००० ला सुरू होतं आणि हेक्स ६००० लांबीचं असतं, म्हणजे नेमकं पार्टिशन टेबल आणि ॲप यांच्या मधे. फाईल शून्यापासून लिहिली की तेही पुसलं जातं. वायफायचा पासवर्ड आणि कॅलिब्रेशन, तुम्ही साठवलेली सेटिंग्ज, सगळं गेलं. कोरा बोर्ड पहिल्यांदा भरताना ही फाईल उत्तम. वापरात असलेल्या बोर्डावर नुसतं ॲप बदलायचं असेल तर 'ॲप-फ्लॅश' पुरतं, वेळही कमी लागतो. पूर्ण इरेज मी पार्टिशन टेबल बदललं तरच करतो.

बूट बटणाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. यूएसबी-सिरियल चिप असलेल्या बोर्डांवर डीटीआर आणि आरटीएस या दोन लाइन, दोन ट्रान्झिस्टरमार्फत, ईएन (चिप रीसेट करणारी पिन) आणि जीपीआयओ शून्य (बूट बटणाची पिन) यांना योग्य क्रमाने खाली ओढतात. बटणाची गरज नाही. पण काही बोर्डांवर हे टायमिंग जुळत नाही. 'कनेक्टिंग' पुढे नुसते ठिपके येत राहतात, किंवा 'राँग बूट मोड डिटेक्टेड' असा निरोप येतो. ठिपके सुरू होताच बूट दाबून धरा, लिहायला लागलं की सोडा. कायमचा उपाय म्हणजे ईएन आणि ग्राउंडमध्ये १ ते १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक असेल तर प्लस बाजू ईएनकडे. बटणांच्या मागे लागण्याआधी केबल बदलून बघा, चार्जिंगपुरत्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात आणि पोर्ट दिसतच नाही.

तुमच्या एस३ वर चिपचंच यूएसबी असेल तर हे ट्रान्झिस्टर नसतातच, चिप स्वतःच डाउनलोड मोडमध्ये (फर्मवेअर स्वीकारायच्या स्थितीत) जाते. फक्त तुमच्या फर्मवेअरने जीपीआयओ १९ आणि २० (यूएसबीच्या पिन) दुसऱ्या कामाला लावले की तो रस्ता बंद. मग बूट धरून रीसेट दाबा, रीसेट सोडा, नंतर बूट सोडा. त्यानंतर पोर्टचं नाव बदललेलं असू शकतं, कमांडमध्ये नवं नाव घाला. फ्लॅश झाल्यावर चिप डाउनलोड मोडमध्येच अडकलेली दिसली तर एकदा हाताने रीसेट.