नव्या अधीक्षकांस पत्र

अभिनंदन! बदलीचा आदेश आला आणि तुम्ही जुन्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक झालात. पेढे मात्र वाटू नका. ‘यांना मेंटल हॉस्पिटलला जायचंय’ एवढंच शेजाऱ्यांच्या कानावर जाईल.

राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं आणि चौथं येरवडा, ज्याचं नुसतं नाव काढलं तरी लोक हसतात. चारांच्या मिळून मंजूर खाटा ५,६९५. खाटा आणि पदं दोन्ही मंजूर असतात. फरक इतकाच की खाटा भरलेल्या असतात.

आधी इमारतीच्या प्रेमात पडा. वेड्यांना कोंडायचं कसं, याचाच विचार करून इंग्रजाने ती बांधली. लांबलचक वॉर्ड, गज आणि दार एकच. परिचर आत अडकला तर दुसऱ्या वाटेने निघता येत नाही. दुसरं दार मागाल तर बांधकाम खातं विचारेल, ‘शंभर वर्षं कुणाला नडलं नाही, तुम्हालाच कसं नडलं?’ त्यापेक्षा मोकळ्या जमिनीकडे बघा, तिथे कामं झटपट होतात. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवं रेल्वे स्टेशन हवं होतं, तर मनोरुग्णालयाची सुमारे १५ एकर जागा बरोबर सापडली.

आता रात्रपाळी. साठ जणांचा वॉर्ड, माणूस एक. जेवण संध्याकाळी साडेपाचलाच उरकून घ्या, म्हणजे स्वयंपाकघर वेळेवर बंद होतं. मग मध्यरात्री भुकेने कुणी दार वाजवलं, बिडी मागितली, दोन शिव्या दिल्या की नोंदवहीत लिहा : ‘रुग्ण आक्रमक’. हा शब्द जपून ठेवा, फार उपयोगी आहे. तो लिहिला की जेवण किती वाजता दिलं होतं, हे कुणी विचारत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात एक वाक्य मोठं खोडसाळ आहे. कर्मचारी कमी आहेत एवढ्यावरून रुग्णाला बांधता येणार नाही, असं त्यात लिहिलंय. लिहिणाऱ्याने तुमचा हजेरीपट चोरून पाहिला असावा. साखळीला तर सरळ बंदीच आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या जागी ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळदंडांत अडकलेले २८ जण पळू शकले नाहीत. तेव्हा साखळी नको, बँडेजची पट्टी वापरा. पट्टी निदान जळते तरी.

परिचराला मार बसला तर? घाबरू नका, २०१० चा कायदा आहे. आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उगारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. याचा फलक ठळक अक्षरांत वॉर्डातच लावा. ज्याच्या कानात कालपासून कुणीतरी ‘मार, मार’ म्हणतंय, तो थांबून वाचेल आणि दंडाचा हिशेब करेल.

आवाज खाली ठेवावा, हातभर अंतर सोडून उभं राहावं, रुग्णाची वाट अडवू नये, एकट्याने जवळ जाऊ नये, असलं काही शिकवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. एकट्याने जाऊ नये म्हटलं की दुसरा माणूस द्यावा लागतो. त्यापेक्षा डोक्याला चार टाके पडलेल्या परिचराला कारणे दाखवा नोटीस द्या. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची कला सरकारी नोकरीत तुम्ही शिकला असालच. त्याचा खुलासा येईपर्यंत रुग्णाला सेरेनेस-फेनरगनचं, म्हणजे शांत करून झोपवणारं, इंजेक्शन मिळालेलं असतं. दोघंही गप्प, फाइल बंद.

राहता राहिला तो कोपऱ्यातल्या खाटेवरचा माणूस. बरा होऊन बारा वर्षं झाली. भाऊ पत्रांना उत्तर देत नाही. हाच पहाटे चहाची बादली उचलतो, म्हाताऱ्यांना आंघोळ घालतो आणि त्या रात्री परिचराच्या अंगावर आलेल्याला मिठी मारून खाली बसवलं तेही यानेच. घरचे नेत नाहीत एवढ्यासाठी कुणाला इथे ठेवता येणार नाही, असंही तो २०१७ चा कायदा म्हणतो. शिवाय काम करून घेतलं तर मोबदला द्या म्हणतो. तेव्हा घटनेच्या अहवालात त्याचं नाव घालू नका. नाव आलं की कुणीतरी विचारेल, हा बरा आहे तर इथे कसा? आणि तो गेला तर तुमची रात्रपाळी कोण करणार?