विठोबाच्या नावाने कुणाला घाबरवू नका

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर पांडुरंगाचा फोटो आला. हात आपोआप जोडले गेले. मग खालचं वाचलं. 'हा मेसेज 11 जणांना पाठवा, तीन दिवसांत शुभवार्ता कळेल. दुर्लक्ष केल्यास घरात अघटित घडेल.' चहा तसाच निवला. अजून डोकं शांत नाही.

अहो, फोटो कुणाचा लावताय आणि खाली लिहिताय काय! कमरेवर हात ठेवून उभा असलेला देव. एका हातात शंख, दुसऱ्यात कमळाचा देठ. शस्त्र कुठेच नाही. कुणीही जावं आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवावं. ज्याला आपण माऊली म्हणतो, तो एक मेसेज अडला म्हणून लेकरांच्या घरात अघटित घडवेल?

माझ्या आजीने 31 वर्षं वारी केली. आमचं गाव फलटणजवळ, पालखी दारावरून जाते म्हणा, पण ती आळंदीपासूनच चालायची. 2020 ला पायी वारी निघालीच नाही. माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आजीने डोक्यावर तुळस घेऊन अंगणातच फेऱ्या घातल्या, पाय सुजेपर्यंत. आणि त्याच सप्टेंबरात माझा काका कोरोनाने गेला. तिचा धाकटा.

दहाव्याला मोजकी माणसं होती. त्यातली एक बाई आजीच्या तोंडावर म्हणाली, "वारी चुकली ना, त्याचंच हे."

आजी रडत होती, ती थांबली. म्हणाली, "माझा इठोबा काय सावकार हाय व्हय, एक हप्ता चुकला म्हून घरावर जप्ती आणाया?"

पुढे कुणी बोललं नाही.

तिची नात असूनही मी घाबरलेच आहे, हे सांगायला हवं. मुलाच्या पत्रिकेत कालसर्प सांगितला तेव्हा आठ दिवस झोप नव्हती. शांत करून घेतली. पैशांचं सोडा, पण त्या आठवड्यात देवघरात पाऊल टाकलं की छाती धडधडायची. देवासमोर! आणि साडेसातीचं तर सरळ गणितच आहे. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं, मागची-पुढची धरून साडेसात. म्हणजे बारांतल्या तीन राशींना ती कायम चालूच. घाबरवायला माणसं कधी कमीच पडणार नाहीत.

धाकाने चार माणसं वाईट वागायची थांबतात, कबूल. आणि भरवसा ठेवला म्हणजे माणूस वाचतोच असंही नाही. आमच्याच घरात नाही वाचला.

पण काका गेल्यावर आजीने काय केलं ते मी पाहिलंय. चार दिवस हरिपाठ बंद. विठोबाच्या फोटोकडे बघायचीसुद्धा नाही. पाचव्या दिवशी पहाटे तिच्या आवाजाने जाग आली. ती भांडत होती त्याच्याशी. "म्हातारीला ठिवलंस आन् माझं लेकरू न्हेलंस," असं बरंच काही, सगळं इथे लिहवत नाही. मग तोंड धुतलं, तुळशीला पाणी घातलं आणि हरिपाठाला बसली. ज्याचं भय वाटतं त्याच्याशी कुणी असं भांडतं का? सावकारापुढे माणूस मान खाली घालून उभा राहतो. ती त्याला हक्काने बोलत होती. म्हणून तर दहाव्याला त्या बाईला तसं उत्तर देऊ शकली.

2022 ला वारी परत निघाली तेव्हा गुडघे पार गेले होते. तरडगाव ते फलटण, तेवढीच चालली. फलटणला तळावर पाय पसरून बसली होती, आणि भोवतीचे अनोळखी वारकरी माऊली म्हणत तिच्या पाया पडत होते, तीही उलटून त्यांच्या पाया पडत होती. तो चेहरा आठवला की हा मेसेज बघवत नाही.

इतकं लिहून पोस्ट टाकणारच होते, तेवढ्यात लक्षात आलं की मेसेज आत्याने पाठवलाय. आजीची लेक. दहाव्याला त्याच खोलीत होती ती. रागानेच फोन लावला. तर तिच्या नातवाची नोकरी गेलीय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही तिच्या. माझा राग तिथेच गळाला. म्हटलं, आत्या, आजी काय म्हणाली होती आठवतं का गं?

बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "नऊ जणांना पाठवून झालाय. दोन राहिलेत."

म्हटलं, राहू देत.