‘एसीतला वणवा’ : महूकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

इंदूरजवळच्या रानातल्या वणव्यांवर मी लिहिलेल्या लेखावर ‘महूकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. चौथ्यांदा बायकोने वाचली आणि म्हणाली, "उत्तर देऊ नकोस." तरी देतो आहे.

आधी चूक कबूल. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर क्षिप्रेचा उगम, असं मी लिहून बसलो होतो. तिथे उगम चंबळेचा. दुरुस्ती केली आहे, आपले आभार.

आता आपलं ते वाक्य : "इंदूरच्या एसीत बसून वणव्यावर लिहू नये." माझी मागणी काय होती? मानपूर-चोरलकडे रानालगतच्या गावांपर्यंत बंब जाईल असा रस्ता हवा, तिथेच पाणी भरता येईल अशी टाकी हवी आणि १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम धरतात, त्याआधी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून रानात मोकळे ठेवलेले पट्टे) साफ झालेल्या असाव्यात. यात एसी कुठून आला? आमच्याकडे एसी नाही. रामबागेतल्या घरात कूलर आहे आणि त्याचाही पंप मागच्या मे महिन्यापासून बंद आहे. पण असता, तर टाकीची गरज कमी झाली असती का?

माझे वडील महूपलीकडच्या एका खेड्यात मास्तर होते. मी नववीत असताना एप्रिलमध्ये मागचा डोंगर पेटला. अख्खं गाव पळसाच्या ओल्या फांद्या घेऊन आग झोडपत होतं, त्यात मीही होतो. सागाचा पाला पायाखाली पापडासारखा मोडायचा, आणि इकडची आग विझली म्हणेपर्यंत एखादं पेटतं पान वाऱ्यावर नाला ओलांडून जायचं. बंब आला तो नाल्याच्या अलीकडेच थांबला, कारण पुढे फक्त गाडीवाट. होतं तेवढं पाणी मारलं आणि भरायला परत महूला गेला. तो पुन्हा आला तेव्हा आम्ही राखेत बसून चहा पीत होतो. माझ्या उजव्या पोटरीवर डाग आहे. फोटो टाकू?

आणि शहरातल्यांनी वणव्यावर बोलायचं नाही म्हणता, तर ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून जास्त ट्रेकर मेले, त्यांत चेन्नईहून आलेले होते. आपले इंदूरकर रविवारी पातालपाणीच्या धबधब्याला जातात ते काय एसी डोक्यावर घेऊन?

"मोहवाल्या आदिवासींना बदनाम केलंत" हेही तुम्ही त्याच सुरात लिहिलंत. मोहाची फुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग कधी पसरते, एवढंच मी लिहिलं होतं. त्याच परिच्छेदात हार्वेस्टर गेल्यावर गव्हाची नरवाई (शेतात उरलेली धसकटं) पेटवणारे आपले माळव्यातले शेतकरी होते आणि पेटती विडी टाकणारे सहलीवालेही होते. ते सोयीने गाळलंत.

उपग्रहाचं म्हणाल, तर उपग्रहाला आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाचे जे मेसेज येतात ते मलाही येतात, कोणीही नाव नोंदवू शकतो. त्यातला आगीचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर ३७५ मीटरचा चौकोन. मेसेज वाचून बीटगार्ड (वनरक्षक) निघतो तो फांदी घेऊनच.

राहता राहिलं, रस्ता झाला की मागोमाग फार्महाऊस येतील आणि टाकीची देखभाल कोण करणार. त्यावर पुढे कधी सवडीने लिहीन. तोवर पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने द्या. मी माझ्याच नावाने लिहितो.