अणुभट्टीची दुरुस्ती आणि जनसुनावणी : खुलासा
‘अमेरिकेत अणुभट्टीच्या कुठल्याही दुरुस्तीआधी जनसुनावणी सक्तीची असते’ असा संदेश फिरतो आहे. तो खरा नाही. परवान्यातल्या तांत्रिक अटी बदलत नसतील आणि ठरलेले सुरक्षानिकष पाळले जात असतील, तर कंपनी लेखी मूल्यमापन करून काम करू शकते. एरवी परवान्यातच दुरुस्ती लागते. तेव्हाही सुनावणी आपोआप होत नाही, मुदतीत मागावी लागते. हा हक्क लोकांना ठाऊकच नसतो, ही खरी काळजीची गोष्ट.

उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे अणुप्रकल्पात जानेवारी २०१२ मध्ये नव्या स्टीम जनरेटरची (अणुभट्टीच्या उष्णतेने वाफ करणाऱ्या यंत्राची) नळी गळली. तपासणीत हजारो नळ्या अकाली झिजलेल्या आढळल्या. कंपनीला एक अणुभट्टी ७० टक्के क्षमतेने पुन्हा सुरू करायची होती. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाच्या परवाना मंडळाने अशी परवानगी म्हणजे प्रत्यक्षात परवान्यातली दुरुस्तीच ठरवली, म्हणजे सुनावणीची संधी आली. जूनमध्ये कंपनीनेच प्रकल्प कायमचा बंद करत असल्याचे जाहीर केले.