सोलापूरचे जुने पूल आणि गिरण्या केवळ ‘इंग्रजांच्या खुणा’ आहेत का?

ब्रिटिशकालीन रेल्वे पूल पाडण्याचा विषय निघाला की सोलापूरकरांच्या मोबाईलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: हे पूल आणि बंद गिरण्यांच्या चिमण्या म्हणजे गुलामीच्या खुणा आहेत, पुलांची शंभर वर्षांची हमी केव्हाच संपली आहे, त्यात सोलापूरचे स्वतःचे असे काही नाही, आणि ज्यांना हळहळ वाटते त्यांनी फोटो काढून ठेवावेत. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत या शहरावर मनापासून प्रेम करणारी माझ्या ओळखीची माणसे आहेत, म्हणूनच त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

हमीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लवकर निकालात निघतो. दगडी कमानीच्या पुलाला औषधाच्या बाटलीवर असते तशी मुदत नसते. पुराच्या पाण्याने पायाखालची माती खरवडली गेली आहे का, सांध्यांतला चुना झडला आहे का, पिंपळाची मुळे दगडांत शिरली आहेत का आणि वरून जाणारा भार किती वाढला आहे, यांवर त्याचे आयुष्य ठरते, आणि या गोष्टी तपासणीतूनच कळतात. महाडजवळचा सावित्री नदीवरील पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री माणसांसह वाहून गेला, हे कोणीही विसरू नये. धोकादायक ठरलेला पूल वाहतुकीला बंद झालाच पाहिजे. विजेच्या तारांसाठी रुळांवर पुरेशी उंची लागते, हे रुळांवरचे जुने पूल पाडण्यासाठी रेल्वे देते ते कारणही खरे आहे. मात्र पाडण्याचे कारण योग्य असले म्हणून मोजमापे न घेता, आराखडे न काढता आणि कोरीव दगड बाजूला न ठेवता पाडणे योग्य ठरत नाही.

‘गुलामीच्या खुणा’ हे विधान अधिक गंभीर आहे. सोलापूरला आगगाडी १८६० मध्ये पोहोचली, तेव्हा बोरघाटातला लोहमार्ग पूर्ण व्हायचा होता. तो १८६३ मध्ये खुला झाला. हा मार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या भागधारकांना सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती, आणि जी तूट येईल ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघत होती. म्हणजे नफ्याची शाश्वती लंडनच्या गुंतवणूकदाराला होती, पैसा शेतसारा भरणाऱ्या रयतेचा होता आणि दगड घडवणारे हात इथल्या पाथरवट, गवंडी आणि वडारांचे होते. ज्याची किंमत आपल्या पूर्वजांनी दोनदा मोजली, एकदा करातून आणि एकदा अंगमेहनतीतून, ते इंग्रजांचे म्हणून सोडून देणे मला त्यांच्यावर अन्याय करणारे वाटते.

गिरण्यांच्या बाबतीत तर हे विधान मुळातच टिकत नाही. ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी १८७० च्या दशकात मुंबईच्या मुरारजी गोकुळदासांनी उभी केली. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर याच शहरातला गिरणी कामगार रस्त्यावर उतरला, सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आले. त्या चिमण्यांच्या सावलीत गुलामी नांदत होती असे म्हणताना हे वर्ष वगळता येत नाही. पुढे १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली, १९५० च्या प्रारंभी केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला, आणि त्याविरुद्ध गिरणीच्या एका भागधारकाने केलेल्या चरणजितलाल चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला त्याच वर्षी समानतेच्या अधिकाराचा अर्थ लावावा लागला. कायद्याचा विद्यार्थी आजही तो निकाल अभ्यासतो.

‘त्यात सोलापूरचे स्वतःचे असे काही नाही’ या विधानाला आपल्याच जिल्ह्यातली बार्शी लाईट रेल्वे पुरेसे उत्तर देते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने २ फूट ६ इंच रुंदीची ही गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. प्रत्येक आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरूनही मोठा माल नेता येतो, हा त्याचा विचार इथल्या काळ्या मातीवर सिद्ध झाला. त्या अनुभवावर त्याने नंतर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे उभारली आणि ती १९०४ मध्ये सुरू झाली. ज्ञान इथे उलट दिशेने, बार्शीहून इंग्लंडला गेले होते, आणि ही गोष्ट आपल्या शाळांत कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. ती इंग्लंडमधली गाडी १९३४ मध्ये बंद पडली, तेव्हा तिथल्या लोकांनी रूळ काढून त्या मार्गाची पायवाट केली. १९३७ पासून लोक तिच्यावरून चालतात. आपल्याकडे ब्रॉडगेज आले, ते यायलाच हवे होते, पण अरुंद मार्गाचे लहान पूल आणि मोऱ्या कुठे होत्या याची साधी यादी तरी आपण करायला हवी होती.

जुनी बांधकामे विकासाला अडसर ठरतात, असेही काही जण जोडून लिहितात. त्यांनी डिकसळला जाऊन यावे. उजनीच्या जलाशयामुळे लोहमार्ग हलवावा लागला, आणि भीमेवरचा जुना रेल्वे पूल त्यानंतर कित्येक वर्षे करमाळा व इंदापूर तालुक्यांतल्या गावांना रस्ता म्हणून उपयोगी पडला.

राहिला फोटोंचा सल्ला. मुंबईचा १८६८ चा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला गेला, तेव्हा त्यावरचे नाव कोरलेले दगड जपून ठेवले गेले, आणि ते काम सोलापूर विभाग ज्या मध्य रेल्वेत येतो तिनेच केले. मग इथेही ते होऊ शकते. गिरण्यांचे तर याहून तातडीचे आहे. साच्यांवर, म्हणजे गिरणीतल्या यंत्रांवर, उभी राहिलेली पिढी आज सत्तरीच्या पुढे गेली आहे. भिंती उभ्या आहेत तोवर हे कामगार बोट दाखवून सांगू शकतात की सूतखाते कुठे संपत होते, विणखाते कुठे सुरू होत होते आणि भोंगा वाजल्यावर कोणत्या दाराने पाळी बाहेर पडत होती. सपाट केलेल्या जागेचा फोटो त्यांच्या हातात दिला, तर त्यातले काहीही त्यांना दाखवता येणार नाही.