यॉर्कशायरचा सोनटक्का

माझा भाचा इंग्लंडात यॉर्कशायरला असतो. तिथे त्याने बाग केली, इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण त्याला गुलाब-ट्युलिप नकोत. कर्दळ, डेलिया, केळ आणि सोनटक्का पाहिजे. शेजारच्या गोऱ्याला कुंपणावरून जंगल दिसलं पाहिजे. आणि वडगावातल्या आमच्या घरामागे, धुण्याच्या दगडापलीकडे, गटारीच्या कडेला सोनटक्का माजलाय म्हणून त्या जंगलाचा सल्लागार मी.

आमचा सोनटक्का कुणी लावला ते कुणालाच ठाऊक नाही. जूनमध्ये बेळगावचा पाऊस बसला की तो छातीएवढा होतो आणि गणपतीच्या सुमारास फुलतो. त्याच्यासाठी आम्ही फार तर भांड्यांचं पाणी तिकडे सोडतो.

तिकडे मात्र त्याचे लाड. मार्चमध्ये गड्डा कुंडीत, कुंडी खिडकीशी. मे सरेपर्यंत बाहेर काढायची नाही, रात्री दव गोठतं. मग उन्हाळाभर नुसती पानं. या पांढऱ्या जातीला कळी धरायला लांबलचक ऊब लागते, आणि ती साठेपर्यंत ऑक्टोबर येतो. इकडून कळी, तिकडून थंडी. बहुतेक थंडीच आधी पोचते. हिमालयातला केशरी सोनटक्का त्या मानाने काटक, फुलतोही लवकर. तो लाव म्हटलं, तर म्हणतो, "आजीच्या गजऱ्यातलाच पाहिजे, मामा." यावर काय बोलणार?

त्यात ऑक्टोबर संपता संपता ते लोक घड्याळं तासभर मागे घेतात. भाचेसाहेब सहाला कामावरून सुटून फोन करतात तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा.

"मामा, डेलिया काळा पडला."

"वरचं काप. गड्डे काढ, वाळव, कोरड्या भुश्शात ठेव."

"आणि सोनटक्का?"

"त्याचाही गड्डा काढ. किंचित ओलसर मातीत घालून घरात ठेव."

केळीचं मी काही सांगत नाही. ती जपानी म्हणवते, आहे मूळची चीनची, आणि तिची फळं खाण्याजोगी नसतात. तिच्या बुंध्याला पेंढा बांधून वर कापड गुंडाळलेलं ताईने व्हिडिओवर बघितलं. "खायला येत न्हाईत तर स्वेटर कशाला तिला? तू कानटोपी घाल आधी!"

मध्यंतरी त्याला आमच्या सोनटक्क्याची मुळं कशी पसरतात ते बघायचं होतं, ताबडतोब. भर पावसात, एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाईलची बॅटरी, मी गटारीवर ओणवा. शेजारच्या अक्का साप निघाला म्हणून काठी घेऊन धावत आल्या. "हावु अल्ल्री, हूवु!" साप नव्हे, फूल, असं मी कानडीत ओरडलो. त्यांनी तरी दोन रट्टे घातलेच. सोनटक्क्याला काही झालं नाही. छत्री गेली.

आता तो जानेवारीत यायचाय, आणि जाताना घरचाच गड्डा न्यायचा म्हणतोय. रोपं-कंद तिकडे न्यायचे तर ते निरोगी असल्याचा सरकारी दाखला लागतो, हे मी तीनतीनदा सांगितलं. ताईचं उत्तर तयार आहे: कुंद्याच्या, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईच्या, डब्यात तळाला गड्डा, वर कुंदा. आणि विमानतळावर विचारलं तर मामाचा नंबर द्यायचा.