लोणी कढईत नको, ताटात हवं

लोण्यात कांदा परतायची सवय घराघरांत शिरली आहे, आणि ती साफ चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे. पावभाजी असो, पनीरची भाजी असो की मुलांचा पास्ता, सुरुवातच लोण्याच्या मोठ्या तुकड्याने होते. मग शेवटी चव लागत नाही म्हणून वरून आणखी एक तुकडा. अर्धा किलोचं पाकीट कधी संपलं कळत नाही, आणि एवढं लोणी पोटात जाऊनही खाणाऱ्याला लोणी खाल्ल्यासारखं वाटत नाही.

बाजारच्या लोण्यात किमान 80 टक्के स्निग्धांश असतो, 16 टक्क्यांच्या आसपास पाणी आणि थोडा दुधाचा घनभाग. ताज्या लोण्याचा जो गोडसर-आंबूस वास आपल्याला हवा असतो तो आचेवर पटकन उडून जातो. कांदा गुलाबी व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात लोण्यातलं पाणी चुरचुरत संपतं, दुधाचे कण तळाला बसून काळे पडतात आणि उरतं ते धड लोणीही नाही, धड तूपही नाही. लोणी 150 ते 175 अंशांच्या मध्ये कुठेतरी धुरायला लागतं, तूप 250 अंशांच्या आसपास. फोडणीला तेल किंवा तूप घ्या. लोणी ज्या क्षणी जिभेला लागणार त्याच्या जितकं जवळ घालाल तितकं कमी पुरतं.

पावभाजीचंच घ्या. चौघांच्या भाजीला दोन टेबलस्पून तेल पुरतं. त्यात कांदा, आलं-लसूण, ढोबळी मिरची, टोमॅटो, मसाला असं सगळं नीट शिजू द्या, उकडलेल्या भाज्या घाला, घोटा, पाणी घालून उकळा. गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग एक टेबलस्पून, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, गार लोणी घालून ढवळा. भाजीतल्या बटाट्याच्या पिठूळपणामुळे ते लोणी भाजीत धरलं जातं, तवंग येत नाही आणि प्रत्येक घासाला लागतं. खळखळत्या भाजीत टाकलं तर सुटून वर तरंगतं आणि कढईलाच चिकटून राहतं. पावांचंही तसंच. तव्यावर लोणी सोडून पाव टाकला की पहिला पाव सगळं पिऊन टाकतो आणि बाकीचे कोरडे राहतात. मऊ झालेलं लोणी सुरीने पावाच्या कापल्या बाजूला लावा, एका पावाला पाव टीस्पून, आणि पाव कोरड्या तव्यावर पालथा टाका. आठ पावांना दोन टीस्पून, म्हणजे 10 ग्रॅम झालं. सगळं मिळून 25 ग्रॅम. बहुतेक घरांत याच्या तिप्पट-चौपट जातं. विकतचं पिवळं लोणी बहुतेक खारं असतं, तेव्हा भाजीत मीठ आधी हात राखून घाला आणि लोणी ढवळल्यावर चव बघा.

पण लोण्याची खरी जागा भाकरीवर. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी टम्म फुगली की तव्यावरून उतरवून लगेच वरचा पापुद्रा सुरीच्या टोकाने उचलायचा आणि आत एक टीस्पून लोणी टाकून पापुद्रा पुन्हा मिटवायचा. मिनिटभराने उघडा. कडेचं वितळून भाकरीत मुरलेलं असतं आणि मधे अजून गार, पांढरा ठिपका शिल्लक असतो. त्या ठिपक्यासकट घास, सोबत शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा आणि कच्चा कांदा. यात भाजीचीही गरज नाही. थालीपिठाला मात्र आत नाही, वर. थापताना मधे पाडलेल्या भोकांत भाजताना तेल सोडायचं आणि लोण्याचा गोळा ताटात, थालीपिठाच्या शेजारी. गरम थालीपिठावर आधीच ठेवला तर मुलं खायला येईपर्यंत सगळं पाणी होऊन ताटात पसरलेलं असतं.

मुगाच्या खिचडीलाही हेच. फोडणी तेलाची, लोणी ताटात वाढल्यावर. दुधी, लाल भोपळा, मटार, उकडलेला बटाटा अशा सौम्य चवीच्या भाज्या नुसत्या मीठ आणि जिऱ्यावर वाफवून, गॅस बंद केल्यावर एक टीस्पून लोणी आणि मिरपूड घातली तर नावडतीचा दुधीसुद्धा संपतो. उलट कारलं, वांगं, गोडा मसाला घातलेली आमटी यांत लोणी घालू नका. मसाल्यापुढे ते कळत नाही.

आता मिळवायचं कुठून. ज्या घरात रोज लिटरभर फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध येतं त्या घराने पांढरं लोणी विकत आणू नये. फुल क्रीम दुधात 6 टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये 3. लिटरमागे फरक साधारण 30 ग्रॅमचा, म्हणजे 33-34 लिटरमागे एक किलो. दोन्ही पिशव्यांच्या भावातला फरक 33 ने गुणा आणि तुमच्या दुकानातल्या किलोभर तुपाच्या भावाशी ताडून बघा. हिशेब तुमच्या गावच्या भावाने तुम्हीच करा, पण एक लक्षात ठेवा की सगळा स्निग्धांश सायीत येत नाही, बराचसा दुधात राहून पोटात जातो. घरात अर्धा लिटर टोन्ड दूध चहापुरतं येत असेल, तर लोण्यासाठी दूध वाढवू नका. त्यापेक्षा लोणी विकत आणलेलं परवडतं. टेट्रापॅकमधल्या दुधाला साय जवळपास येतच नाही, कारण त्यातले स्निग्धकण यंत्राने इतके बारीक केलेले असतात की ते वर चढत नाहीत.

साय जाड हवी तर पातेलं पसरट घ्या. दूध उतू जायला आलं की आच अगदी मंद करून पाच-सात मिनिटं तसंच ठेवा, मग उतरवून वर जाळी ठेवा, घट्ट झाकण नको. झाकणाला जमलेली वाफ थेंब थेंब सायीवर पडते आणि साय विरते. पूर्ण गार झाल्यावर हलवाहलव न करता फ्रीजमध्ये सहा-आठ तास ठेवा, मग साय उचला.

सगळ्यात मोठी चूक इथून पुढे होते. लोक आठ-दहा दिवस नुसती साय साठवतात आणि शेवटच्या दिवशी विरजण लावतात. तोवर ती कडवट झालेली असते, कारण फ्रीजच्या थंडीतही वाढणारे जंतू असतात. तो कडवटपणा लोण्यात उतरतो आणि तूप कढवलं तरी जात नाही. विरजण पहिल्याच दिवशी लावा. स्टीलच्या डब्यात एक टीस्पून ताजं, गोड दही आणि पहिली साय ढवळून दोन-तीन तास बाहेर ठेवा, मग फ्रीजमध्ये. रोजची साय त्यातच घालून ढवळत जा. आंबटपणा वाईट जंतूंना वाढू देत नाही. सात-आठ दिवसांच्या वर साठवू नका. जास्त साठवायचीच असेल तर डबा फ्रीजरमध्ये ठेवा.

घुसळायच्या आदल्या रात्री डबा बाहेर काढा. उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात, थंडीत रात्रभर. सकाळी साय दह्यासारखी लागली पाहिजे. घुसळताना ती 12 ते 15 अंशांच्या आसपास हवी. थर्मामीटर नको, भांड्याला हात लावल्यावर गार लागावं पण गारठू नये. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घाला, डिसेंबरात कोमट. साय फार गार असेल तर नुसता फेस फुगत राहतो. ऊबदार असेल तर लोणी गोळा न होता चोपडं होऊन ताकात पसरतं आणि रवीला तेलकट थर बसतो. तसं झालं तर घुसळत राहू नका, भांडं अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि पुन्हा घ्या. मिक्सर वापरत असाल तर भांडं निम्मंच भरा आणि थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर पात्याच्या उष्णतेनेच काम बिघडतं. रव्यासारखे कण दिसायला लागले, आवाज जड व्हायच्या ऐवजी एकदम पाण्याचा, डुबुक-डुबुक यायला लागला, की झालं. तिथे थांबा, गार पाणी घाला, हलक्या हाताने कण एकत्र करा.

ताक वेगळं काढा. लोणी गार पाण्याने दोन-तीनदा धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. आत राहिलेलं ताकच लोणी आंबवतं. नीट धुतलेलं बिनमिठाचं लोणी फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात पाच-सहा दिवस राहतं. झाकण सैल असेल तर शेजारच्या चिरलेल्या कांद्याचा वास एका रात्रीत लागतो. धुतलेलं पहिलं पाणी फेकू नका, त्यात कणीक भिजवा.

या ताकाला आंबटपणा जास्त असतो, म्हणून प्यायला ते अनेकांना आवडत नाही. त्याची कढी करा. चार वाट्या ताकाला दोन टेबलस्पून बेसन, ते गार ताकातच गुठळी राहू न देता कालवून घ्यायचं, मग आचेवर. उकळी येईपर्यंत ढवळत राहा. बेसनाशिवाय गरम झालेलं किंवा खळाखळा उकळलेलं ताक फाटतं. किंवा उकड. एक वाटी तांदळाच्या पिठाला दोन वाट्या ताक आणि एक वाटी पाणी, लसूण-हिरवी मिरची-हळदीची फोडणी, सात-आठ मिनिटं वाफ. उकडीवर कच्चं तेल घ्यायची पद्धत आहे. त्या दिवशी त्याऐवजी त्याच सायीचं लोणी घेऊन बघा.

जेवढं लोणी चार दिवसांत खाऊन संपेल तेवढंच ठेवा, बाकीचं त्याच दिवशी कढवा. जाड बुडाच्या पातेल्यात, पातेलं निम्म्याहून जास्त भरू नका, कारण पाणी उडताना फेस चढतो. आच मध्यम, फेस बसला की मंद. आधी मोठे बुडबुडे आणि चटचट आवाज, मग आवाज कमी होत जातो आणि बुडबुडे मोहरीएवढे बारीक होतात. तळाची बेरी बदामी झाली की गॅस बंद. ती तपकिरी होईपर्यंत थांबलात तर पातेल्याच्या उष्णतेने पुढे काळी पडते आणि तुपाला करपट वास लागतो. घरच्या लोण्यात पाणी जास्त असतं, म्हणून 500 ग्रॅम लोण्याचं 350 ते 400 ग्रॅम तूप आलं तर काही चुकलेलं नाही. रवाळ हवं असेल तर गाळून बाहेरच हळूहळू गार होऊ द्या, लगेच फ्रीजमध्ये नको.

नानकटाई-शंकरपाळ्याला तुपाऐवजी लोणी वापरणाऱ्यांसाठी एक हिशेब. 100 ग्रॅम तुपाच्या जागी 125 ग्रॅम लोणी, आणि पीठ भिजवताना दूध-पाणी दीड टेबलस्पून कमी. हे न केल्याने नानकटाई खुसखुशीत न होता चिवट होते, आणि दोष बिचाऱ्या ओव्हनला दिला जातो.

राहिली बेरी. गरम असताना मुलांना साखर घालून द्या, नाहीतर चार पोळ्यांच्या कणकेत दोन टेबलस्पून बेरी, चिमूटभर मीठ आणि ओवा घालून घट्ट मळा. वेगळं मोहन लागत नाही. लाटताना जरा जाडच ठेवा, मंद तव्यावर भाजा. या पोळ्या दुसऱ्या दिवशी डब्यातही मऊ राहतात.